चिंतेवर सरसकट उपाय नसतो

चिंतेच्या विकारांवरच्या उपचारांबद्दल अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडलं जातं. चिंता सगळ्यांची सारखीच, असं ते मत सांगतं. छाती धडधडते, झोप उडते, डोक्यात नको ते विचार घोळत राहतात. त्यावरचे उपायही आता घरोघरी माहीत आहेत: दीर्घ श्वास, ध्यान, व्यायाम, विचार तपासून पाहणं. मोबाइलवरचं एखादं ॲप हे सारं फुकटात शिकवतं. मग माणसागणिक वेगळी आखणी करणारा थेरपिस्ट हवाच कशाला? ‘तुमच्यासाठी खास’ हे शब्द फी वाढवण्यासाठीच असतात. शिवाय मानसोपचारतज्ज्ञ मुळातच कमी असलेल्या आपल्या देशात ही चैन कुणाला परवडणार? त्यापेक्षा एक चांगला कार्यक्रम बनवावा आणि तोच सर्वांना द्यावा.

हे मत मांडणारे लोक अडाणी नाहीत, त्यांचा हेतूही वाईट नाही. त्यांतल्या अनेकांना उपचार स्वस्त व्हावेत, सर्वांपर्यंत पोचावेत असं मनापासून वाटतं. त्यांच्या बाजूने काही भक्कम पुरावाही आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. पण त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आधीच त्रासलेल्या माणसांना मोजावी लागते. म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करायला हवा.

पहिला मुद्दा ‘चिंता सगळ्यांची सारखीच’ हा. ताप म्हणजे अंग तापणं, म्हणून मलेरियाला आणि टायफॉइडला एकच गोळी द्या, असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही. चिंतेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. वरून दिसणारी लक्षणं पाहतो आणि ती कशामुळे टिकून राहिली आहेत हे विचारत नाही.

चार माणसं कल्पून पाहू. पहिला रोज डोंबिवलीहून मुंबईला लोकलने जाणारा बँकेतला कर्मचारी. एकदा गर्दीत त्याचा जीव घाबरला, हार्ट अटॅक आला असं वाटलं. ईसीजी नॉर्मल निघाला. तेव्हापासून तो फास्ट लोकल टाळतो, दारापाशी उभा राहतो, खिशात गोळ्यांची स्ट्रिप बाळगतो. दुसऱ्या आहेत निवृत्त शिक्षिका. मुलगा गाडीवर असेल, सुनेचं बाळंतपण नीट होईल ना, बँकेतल्या ठेवींचं काय, या काळज्यांना त्यांच्याकडे अंतच नाही. एक मिटली की दुसरी हजर. तिसरी एका कंपनीत टीम सांभाळणारी बाई. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की तिच्या पोटात गोळा येतो. आवाज कापलेला लोकांना कळेल म्हणून ती प्रत्येक वाक्य आधी मनात घोकते. चौथा चाळिशीतला दुकानदार. डोकं दुखलं की त्याला ट्यूमर आठवतो. गेल्या काही महिन्यांत त्याने तीन डॉक्टर बदलले आहेत आणि रिपोर्टची फाइल तो सोबत घेऊन फिरतो.

चौघांचीही छाती धडधडते. चौघांनाही झोप लागत नाही. पण चौघांच्या त्रासाला खतपाणी घालणारी गोष्ट वेगळी आहे. पहिल्याच्या बाबतीत ती कोणती हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली मांडलं. पॅनिक अटॅक येणारा माणूस शरीरातल्या साध्या बदलांचा भयंकर अर्थ लावतो. धडधड म्हणजे मृत्यू, चक्कर म्हणजे वेड. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि चक्र पुरं होतं. पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी त्यात आणखी एक दुवा जोडला. दारापाशी उभं राहणं, गोळ्या जवळ ठेवणं, कुणालातरी सोबत नेणं या गोष्टींनी माणसाला तात्पुरतं बरं वाटतं, पण ‘आज वाचलो ते गोळ्या होत्या म्हणून’ एवढाच धडा त्यातून मिळतो. मुळात जीवाला धोका नव्हताच, हे त्याला कधी कळत नाही.

शिक्षिकाबाईंचं इंजिन दुसरं आहे. त्यांना अनिश्चितताच सोसवत नाही. काळजी करणं म्हणजे तयारीत असणं, असं त्यांना खोलवर वाटतं. ‘पोचलास की फोन कर’ हे त्यांचं वाक्य मायेचं आहे, पण प्रत्येक फोनने मिळणारा दिलासा तासाभरात संपतो आणि पुढचा फोन लागतो. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या बाईंचं सारं लक्ष स्वतःवर खिळलेलं असतं. आपण लोकांना कसे दिसत असू, याचं एक चित्र त्या मनात रंगवतात आणि तेच खरं मानतात. दुकानदाराला प्रत्येक नवा रिपोर्ट दोन दिवस शांत करतो आणि तिसऱ्या दिवशी नवी शंका देतो.

आता या चौघांना एकच कार्यक्रम देऊ: रोज वीस मिनिटं दीर्घ श्वसन आणि मन शांत करण्याचा सराव. शिक्षिकाबाईंना त्याने कदाचित थोडा आराम पडेल. लोकलमधल्या कर्मचाऱ्याच्या हाती मात्र गोळ्यांच्या स्ट्रिपसारखीच आणखी एक कुबडी येईल. आता तो म्हणेल, श्वास सांभाळला म्हणून वाचलो. हा निव्वळ तर्क नाही. २००० साली नॉर्मन श्मिट आणि सहकाऱ्यांनी पॅनिकवरच्या उपचारातले घटक सुटे करून तपासले, तेव्हा श्वसनाच्या प्रशिक्षणामुळे उपचारात काही भर पडल्याचं दिसलं नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ साली, हाइड आणि बोर्कोवेक यांनी दाखवून दिलं होतं की शरीर शिथिल करायला बसल्यावर काही चिंताग्रस्त माणसांची चिंता उलट वाढते. आतली धडधड एरवी कामाच्या गडबडीत जाणवत नाही, ती शांत बसल्यावर कानाशी येते. दुकानदाराचं तेच होण्याची शक्यता मोठी आहे. जो माणूस शरीराकडे आधीच अष्टौप्रहर कान लावून बसला आहे, त्याला आणखी शरीराकडे लक्ष द्यायला सांगणं हा उपचार नव्हे.

मीटिंगच्या भीतीचंही तसंच. ‘सकारात्मक विचार करा, स्वतःला सांगा की मला छान बोलता येतं’ या सल्ल्याने त्या बाईंचं लक्ष पुन्हा स्वतःवरच खिळतं. त्यांना उलटी गोष्ट हवी असते. वाक्यं न घोकता बोलून पाहणं, समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे प्रत्यक्ष बघणं, शक्य झालं तर आपलंच बोलणं व्हिडिओवर पाहणं आणि मनातल्या चित्राशी त्याची तुलना करणं. थेरपिस्टने हे सगळं आखायचं तर त्याला आधी या बाई काय काय टाळतात, कशाची ढाल करतात, हे एकेक करून विचारावं लागतं. आखणी असते ती याची. भिंतींचा रंग आणि गोड आवाज म्हणजे आखणी नव्हे.

आता विरोधकांचा सर्वांत मजबूत पुरावा पाहू. जर्मनीतल्या बोखुममध्ये डिटमार शुल्टे आणि सहकाऱ्यांनी भयगंड असलेल्या १२० रुग्णांवर एक प्रयोग केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला थेरपिस्टने त्या रुग्णाचा अभ्यास करून आखलेला उपचार मिळाला. दुसऱ्या गटाला ठरीव उपचार मिळाला: ज्याची भीती वाटते त्याला प्रत्यक्ष सामोरं जाणं. तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला भलत्याच रुग्णासाठी आखलेला उपचार दिला. ठरीव उपचाराचा गट सरस ठरला. ‘खास आखलेला’ आणि ‘दुसऱ्यासाठी आखलेला’ यांत मोठा फरक दिसला नाही. वैयक्तिक आखणीच्या समर्थकांनी हा प्रयोग झाकून ठेवू नये. तो आपल्याला टोचायलाच हवा.

पण त्यातून काय सिद्ध झालं, ते नीट पाहू. एक म्हणजे, भयगंडासारख्या नेमक्या भीतीवर भीतीला सामोरं जाणं हा इतका प्रभावी उपाय आहे की तो सोडून थेरपिस्ट स्वतःच्या कल्पनेने वेगळं काही करायला गेला तर रुग्णाचं नुकसान होतं. दुसरं म्हणजे, प्रत्येक थेरपिस्टची अंतःप्रेरणा विश्वासार्ह नसते. या दोन्ही गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. त्यातून वैयक्तिक आखणी निरुपयोगी ठरत नाही, तिची हद्द ठरते. सामोरं जायचं की नाही, हे रुग्ण पाहून ठरवायचं नसतं. कशाला सामोरं जायचं, कोणत्या क्रमाने, कुठली ढाल आधी बाजूला ठेवायची आणि भीतीने नेमकं काय भाकीत केलं होतं ते कसं तपासायचं, हे मात्र रुग्ण पाहूनच ठरतं. कुत्र्याच्या भीतीला कुत्रा लागतो, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण लोकलवाल्या कर्मचाऱ्याला नेमकी भीती कशाची आहे? गर्दीची, गुदमरण्याची, बेशुद्ध पडून लोकांसमोर शोभा होण्याची, की मधल्याच स्टेशनवर मरण येण्याची? उत्तर बदललं की प्रयोग बदलतो. हा प्रश्न न विचारता त्याला लोकलमध्ये चढवलं तर तो डोळे मिटून, गोळ्या मुठीत धरून प्रवास करेल आणि होता तसाच उतरेल.

मराठी वाचकाला याचं एक जुनं उदाहरण ओळखीचं असेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आणि त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत ज्या जिव्हाळ्याने आली, तशी दुसरी कुठलीही पद्धत क्वचितच आली असेल. त्याचं मोठं श्रेय डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांच्या लेखनाला आणि कामाला आहे. पण त्या परिचयातून एक गैरसमजही पसरला: चिंता म्हणजे चुकीचा विचार, तो दुरुस्त केला की काम झालं. खुद्द एलिस यांनी आपल्या तरुणपणाबद्दल काय सांगितलं आहे ते आठवावं. स्त्रियांशी बोलायची त्यांना भयंकर भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊ लागले आणि बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचंच, असा नियम त्यांनी स्वतःला घातला. शंभरेक जणींशी ते बोलले. भेटायचं कबूल केलं एकीनेच, आणि तीही आली नाही. पण भीती गेली. आपली भीती नकाराची आहे हे त्यांनी ओळखलं आणि नकार पचवण्याचाच सराव केला. भीतीला सामोरं जाण्याचं तत्त्व सर्वांना लागू, पण त्याला दिलेलं रूप फक्त त्यांचं होतं.

दुसरा मुद्दा परवडण्याचा, आणि तो जास्त गंभीर आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार चिंता आणि नैराश्य यांसारख्या सामान्य मानसिक विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नव्हते. ज्या १२ राज्यांत ते सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथली परिस्थिती फार वेगळी असेल असं मानायला आधार नाही. इतकी मोठी दरी असताना एकेका माणसासाठी वेगळा विचार करणं ही श्रीमंती नाही का?

याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. ते गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि ‘संगात’ या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तिथल्या २४ प्राथमिक आरोग्य सुविधांमध्ये ‘मानस’ नावाचा मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले समुपदेशक मानसशास्त्राची पदवी घेतलेले नव्हते. ती स्थानिक, प्रशिक्षण दिलेली माणसं होती. सगळ्यांना सगळं द्यायचं नाही, हे या कार्यक्रमाचं मुख्य सूत्र होतं. आधी प्रत्येकाला त्रासाची माहिती आणि लक्षणांवरचे साधे उपाय. त्रास जास्त असेल किंवा उतरत नसेल तर औषध किंवा नात्यांमधल्या ताणांवर काम करणारे संवादी उपचार. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी केंद्रांत आलेल्या, निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले होते. हा कार्यक्रम नसलेल्या सरकारी केंद्रांत ते प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

विरोधक म्हणतील, हा तर ठरीव कार्यक्रमच झाला. तो ठरीव होता हे खरं. पण त्यातली पायऱ्यांची रचनाच सांगते की कुणाला किती आणि काय, हे माणूस पाहून ठरतं. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या चिंताविकारांबद्दलच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही पायऱ्यांचाच मार्ग सांगतात. तिसऱ्या पायरीवर औषध की मानसोपचार हे रुग्णाच्या पसंतीने ठरवा, कारण एक दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही, असं त्या स्पष्ट सांगतात. सौम्य त्रासाच्या माणसाला पुस्तक, ॲप किंवा चार भेटी पुरत असतील तर त्याला वर्षभर थेरपीत ठेवणं ही उधळपट्टी. आणि ज्याला तज्ज्ञाची गरज आहे त्याला महिनोन्महिने ॲपवर ठेवणं ही त्याहून मोठी उधळपट्टी, कारण त्या काळात त्याची नोकरी जाते, घरातल्यांचा धीर सुटतो. तज्ज्ञ कमी असतील तर कुणाला तज्ज्ञ लागतो हे ओळखणं अधिकच आवश्यक ठरतं. माणूस पाहून उपचार ठरवणं हीच खरी काटकसर आहे.

तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल सरसकट कार्यक्रम गप्प बसतात: चिंता नेहमीच खोटी नसते. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला कर्जाची चिंता वाटते, कंत्राटी कामगाराला पुढच्या महिन्याची, कर्करोगाच्या उपचारानंतर तपासणीला जाणाऱ्या बाईला निकालाची. या माणसांना ‘तुमचे विचार अविवेकी आहेत’ असं सांगणं हा अपमान आहे. चांगला थेरपिस्ट आधी दोन ढीग वेगळे करतो: आज हाताळता येईल असा प्रश्न, आणि ‘असं झालं तर?’ या प्रकारची, आज कुणालाच उत्तर देता न येणारी काळजी. पहिल्यासाठी कागद-पेन, बँकेचा अधिकारी, सरकारी योजना, घरातल्यांशी बोलणं. दुसऱ्यासाठी अनिश्चिततेसोबत राहण्याचा सराव. पहिल्या प्रश्नावर दुसरा इलाज केला तर माणूस उपचारावरचाच विश्वास गमावतो. आणि त्याही आधी शरीराची तपासणी. थायरॉइड वाढलेला असताना, दम्याचा पंप जास्त वापरला जात असताना किंवा दिवसात दहा कप चहा पोटात जात असताना फक्त विचारांवर काम करत बसणं हा निष्काळजीपणा आहे.

घरही असंच बघावं लागतं. आपल्याकडे प्रौढ माणूस एकटा क्वचितच आजारी असतो. नवरा बायकोला एकटी बाहेर जाऊ देत नाही, ‘तिला चक्कर येते’ म्हणून. मुलगी आईला दिवसातून पाच वेळा फोन करते, ‘ती घाबरते’ म्हणून. यात प्रेम आहे, आणि हेच प्रेम भीती टिकवून ठेवतं. घरच्यांना बोलावून, त्यांना दोष न देता, आधार कसा द्यावा आणि दिलासा देणं कधी थांबवावं, हे शिकवणं अनेक घरांत उपचाराचा निम्मा भाग ठरतं. ज्या घरात नवरा मारतो, तिथे मात्र बायकोची भीती कमी करण्याआधी तिची सुरक्षितता पाहावी लागते. ही दोन घरं कुठल्याही ॲपला एकसारखीच दिसतील.

आता आपल्याच बाजूच्या लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘प्रत्येक माणूस वेगळा’ या वाक्याआड बराच आळस आणि थोडी लबाडी लपते. थोडं ध्यान, थोडं बालपण, थोडा हिप्नोसिस, थोड्या गप्पा असं मिसळून वर्षानुवर्षं भेटी चालू ठेवणं म्हणजे वैयक्तिक आखणी नव्हे. रुग्णाला अवघड वाटेल म्हणून भीतीला सामोरं जाण्याचा भाग टाळणं तर नव्हेच. ते थेरपिस्टचं स्वतःची अस्वस्थता टाळणं असतं. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, पण ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावणाऱ्याला व्यवहारात फारसं कुणी विचारत नाही. अशा ठिकाणी ‘तुमच्यासाठी खास’ हे शब्द सावधपणे ऐकावेत. विरोधकांचा संशय इथून जन्मतो, आणि इथे तो योग्य आहे.

खरी आखणी ओळखता येते, कारण ती तपासता येते. म्हणून चिंतेवर उपचार घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या थेरपिस्टला चार प्रश्न विचारावेत. माझा त्रास कशामुळे टिकून आहे, असं तुम्हाला वाटतं? हा उपाय माझ्यासाठी का निवडला? फरक पडतो आहे की नाही हे आपण कसं मोजणार? आणि नाही पडला तर काय बदलणार? मोजण्यासाठी साधी साधनं आहेत. २००६ साली तयार झालेली जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली काही मिनिटांत भरून होते आणि तिचे गुण ० ते २१ असतात. दर भेटीला ती भरली तर प्रगती दोघांनाही दिसते. या चार प्रश्नांची सरळ उत्तरं न देणारा थेरपिस्ट बदलावा, मग तो कितीही प्रसिद्ध असो. खिशातल्या गोळ्यांबद्दलही त्याच्याशी आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. अल्प्राझोलामसारखी औषधं मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत आणि चालू असलेली मनाने अचानक बंदही करू नयेत.

शासनाकडेही मागणी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने परवडणारी आणि चांगल्या दर्जाची सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि पहिली पायरी म्हणून तो मोलाचा आहे. पण पहिल्या पायरीवर जिना संपत नाही. प्रत्येक तालुक्यात, ग्रामीण रुग्णालयात, प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याच्यावर देखरेख करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा आणि गरज पडेल त्याला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेणारी व्यवस्था हवी. गोव्यातल्या सरकारी केंद्रांत हे करून दाखवून बराच काळ लोटला. महाराष्ट्राला ते जमणार नाही, असं म्हणायला कुठलंही कारण नाही. सर्वांना एकच कार्यक्रम देणं म्हणजे समानता नव्हे. आपल्या त्रासाचं कारण कुणीतरी नीट विचारेल आणि त्याप्रमाणे उपचार ठरवेल, एवढी खात्री गडचिरोलीतल्या माणसालाही मुंबईतल्या माणसाइतकीच मिळायला हवी.